बावीस पट्ट्या

२ मार्च

चि. भुंगीस, दादाचे अ. उ. आ.

आणि परत तेच! प्रत्येक पत्रात मला काही कळत नाही, मी गपचूप दुकानदाराला तुझी चिठ्ठी दाखवावी. अगं, मी सातवी नापास आहे, मान्य. पण चार वर्षं गॅरेजात पत्रा ठोकतोय, रंग मारतोय. चेपलेली मोटार माझ्या हाताखालून गेली की मालकाला स्वतःची गाडी ओळखू येत नाही. मला एक गिटार निवडता येणार नाही?

तुझी चिठ्ठी वाचली. वजनाला हलकी हवी, मान बारीक हवी कारण तुझी बोटं आखूड, आवाज स्वच्छ हवा कारण तू नुसत्या बोटांनी हळू वाजवतेस. सगळं लिहिलंस, रंगाबद्दल एक अक्षर नाही! लोक आधी काय बघतात, मान की रंग?

आईला सांग, विजेची असली तरी गिटार शॉक देत नाही. तुला रबरी चपला घालायला लावू नये. रविवारी दुकानात जातोय. माया आहे तेवढी असू दे, शिकवण जरा आटप.

तुझा दादा

७ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

तू चिडलास की पाकीटसुद्धा गरम लागतं, असं आई म्हणते. पण दादा, थट्टा बाजूला ठेव. स्टेशनजवळच्या हॉटेलचा मॅनेजर अठ्ठावीस तारखेला आमचं ऐकणार आहे. आम्ही तिघी. औषधवाल्यांची मुलगी ड्रम वाजवते, चष्मेवाल्यांची गाते, मी गिटार. पसंत पडलो तर दर शनिवारी तिथे वाजवायचं, चक्क पैसे घेऊन.

मास्तरांची गिटार आठ महिने उसनी वापरली. पंधराला ते बदलीच्या गावी निघालेत, गिटारीसकट. अठ्ठावीसला माझ्या हातात गिटार नसेल तर माझ्या जागी दंतवैद्यांचा मुलगा. त्याच्याकडे तीन गिटारी आहेत. वाजवता एकही येत नाही, पण धरतो छान.

बाबा म्हणतात, एवढ्या पैशांत शिलाई मशीन आलं असतं, त्याचाही आवाज होतोच. म्हणून सांगते, चिठ्ठीत लिहिलंय तशीच आण. मग वाटेल तेवढे आशीर्वाद दे, सगळे घेईन.

तुझी भुंगी

१२ मार्च

चि. भुंगीस अ. उ. आ.

फत्ते! दुकानदार म्हणजे एक केसांची शेपटी बांधलेला प्राणी. गेल्या गेल्या विचारतो, वाजवणाऱ्याची शैली कशी. मी म्हटलं, चांगली. चांगली म्हणजे नाजूक की धडाक्याची, हा त्याचा पुढचा सवाल. आता मी घर सोडलं तेव्हा तू साधी शिट्टीही वाजवत नव्हतीस. मी ऐकलंय काय तुझं? तू रागावल्यावर दार कसं आपटतेस तेवढं माहीत होतं, तेच सांगितलं. त्याने लगेच एक काळं, टोकदार धूड काढलं आणि असं वाजवलं की समोरच्या काउंटरवरची काच थरथरली. म्हणाला, दार आपटणाऱ्यांना हीच लागते.

घेतलीही असती. पण रंग! कडेला ओघळ आलेला, नवशिक्यानेही मारला नसता. शेजारी एक निळी होती, हलकी, बारीक मानेची. रंग काय बसलाय, तोंड बघून घ्यावं! तीच घेतली. तुझ्या चिठ्ठीशी जुळली तो तुझ्या चिठ्ठीच्या नशिबाचा भाग.

पण खोलीवर आणून बघतो तर कारखान्याने हयगय केलेली. मानेवर धातूच्या बावीस आडव्या पट्ट्या, आणि एकूणएक वर आलेल्या! बोट फिरवलं तर खडखड खडखड. नवा माल म्हणून हे विकतात. मी सोडतोय होय? तारा काढल्या, ग्राइंडर फिरवला, वर पॉलिश पेपर. बावीसच्या बावीस लाकडाबरोबर सपाट. वरून चकाकीचे दोन हात, तारा परत जागेवर. आमच्या गॅरेजच्या उस्तादाने डोळे मिटून हात फिरवला, त्याला एक पट्टी सापडली नाही. मजुरी तुला माफ.

माल नेणाऱ्या ट्रकवाल्याकडे दिलीय, सोळाला पोचेल. आता तरी दादाला कळतं असं चारचौघांत कबूल कर.

तुझा दादा

१७ मार्च

ती. दादास नमस्कार. साष्टांग नाही, नुसता.

गिटार पोचली. हलकी आहे, मान बारीक आहे, रंग बघून बाबासुद्धा शिलाई मशीन विसरले. मी पहिली तार दाबली. खट्. दुसरी दाबली. खट्.

दादा, तार त्या पट्टीवर टेकते म्हणून सूर निघतो. प्रत्येक पट्टीचा वेगळा सूर. त्या वर आलेल्याच असतात. तू बावीस घरं पाडून जमीन सपाट केलीस आणि वर मजुरी माफ करतोस! आता ही गिटार नाही, तारा लावलेली इस्त्रीची फळी आहे. माझा चेहरा बघून आईने विचारलं, शॉक बसला का. मी हो म्हटलं.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. नव्या पट्ट्या बसतील, तीन दिवस लागतील, तीन हजार एकशे आगाऊ. त्याने आयुष्यात मोडक्या गिटारी खूप पाहिल्या, पण इतक्या सफाईने मोडलेली पहिलीच म्हणे. शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. इथे कुणाकडे एवढे पैसे नाहीत. मास्तर गेले. काल तालमीला दंतवैद्यांचा मुलगा न बोलावता येऊन बसला, तिन्ही गिटारी घेऊन.

चिडलेली आहे, पण तुझीच आहे.

भुंगी

२० मार्च

चि. भुंगीस अ. उ. आ., घेतलेस तर.

तुझं पत्र उस्तादाला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, एखाद्या पोराने रेडिएटरची जाळी पुट्टीने बुजवून वर झकास रंग मारला तर त्याला काय म्हणशील. मी म्हटलं, गाढव. तो म्हणाला, मग झालं तर, आणि कामाला लागला.

दुकानदाराशी भांडायला गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं, हसला नाही, हे त्याचे उपकार. एक गिटार घेतली आणि बोटांनी हळू वाजवून दाखवली. एकेक पट्टी, एकेक सूर. मी अखेर तुझी चिठ्ठी त्याला दाखवली आणि विचारलं, यातली मुलगी असं वाजवत असेल का. तो म्हणाला, असंच. चार वर्षं उंचवटा दिसला की घासतोय, कुठला कशाला आहे ते कधी विचारलंच नाही.

तर, त्या दुरुस्तीवाल्याला सांग, पट्ट्या बसवताना निळ्याला ओरखडा आला तर गाठ माझ्याशी. दंतवैद्यांच्या मुलाला हाकलू नकोस, पुढच्या खुर्चीत बसव, ऐकून शिकेल. ड्रमवालीला जरा हळू म्हणावं, तुझं ऐकू यायला हवं.

तुला सांगितलं नव्हतं, अठ्ठावीसला न कळवता येऊन मागे उभा राहणार होतो. रजाही मिळाली होती. ते आता राहिलं. गाड्या काय, रोजच सुटतात. तू वाजव, आणि नंतर मॅनेजर काय म्हणाला ते सविस्तर लिही, तो नाक खाजवत होता का तेसुद्धा. राग ओसरला की लोभ पहिल्यासारखा सुरू कर.

तुझा दादा

ता. क. पैसे त्याच ट्रकवाल्याकडे दिलेत, मोजून घे. तिकिटाला ठेवले होते तेच आहेत, कमी पडले ते उस्तादाने घातले. तीन हजार एकशे.