आतला जेबु

अप्पा, तुमच्या दुकानातला एक शब्द परवा मला अरबी कोशात सापडला. जेबु. तिथे तो 'जैब' आहे. अरबांकडे आधी त्याचा अर्थ अंगरख्याच्या गळ्याची चीर, मग त्या चिरेआडची छाती, कुठे कुठे तर चक्क मन. माणसं तिथे वस्तू खोचून ठेवायची, म्हणून पुढे खिसा. फारसीने तो उचलला, आणि तिथे विचारात बुडालेला माणूस डोकं जैबात घालून बसायला लागला, म्हणजे मान छातीवर टाकून. तिथून दख्खनीत, कानडीत आणि म्हैसुरातल्या आपल्या मराठीत. गंमत म्हणजे ज्या 'खिशा'चा मी जन्मभर तोरा मिरवला, तोही मूळचा अरबी पिशवीचाच, फारसीमार्गे आलेला. दोघे एकाच वाटेने आले. मी मात्र एकाला सोवळ्यात बसवलं.

मार्केटमागच्या गल्लीत तुमचं दोन मशिनींचं दुकान होतं. फुलं विकणाऱ्या बायका तुमच्याकडून पोलक्याला आतून, छातीपाशी, जेबु लावून घ्यायच्या. कोशाच्या हिशेबाने अगदी मुळातली जागा. तेव्हा मला कुठली अक्कल! आत्याकडे पुण्याला दोन वर्षं शिकून आले होते आणि घरभर शहाणपण पाजळत होते. आई "ऊटा झाली का गं?" म्हणाली की मी, "जेवण म्हण, ऊटा काय!"

त्या दिवशी मी दुकानात स्टुलावर बसलेय. नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याहून नुकत्याच आलेल्या एक बाई पोलकं शिवायला आल्यात. तुम्ही नेहमीसारखं विचारता, "आत जेबु पाहिजे का बेडा, अक्का?" बाई खो खो हसतात. "जेबु! बेडा! अहो, ही कुठली मराठी?" मी चटकन सांगते, "खिसा हवा की नको, असं विचारतायत." बाई माझ्याकडे वळतात. "अगंबाई, तू किती छान बोलतेस! मुलगी का हो तुमची?" तुम्ही हसून हो म्हणणार, तेवढ्यात मी म्हणते, "छे! मी कुर्ता शिवायला टाकायला आलेय."

माझ्या हातात कापडाची चिंधीही नव्हती. तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत. मग फळीवरून निळं कापड काढलंत आणि म्हणालात, "होय ताई, कापड काल दिलंत ते आहे इथं. माप तेवढं राहिलंय." लहानपणापासून तोंडपाठ असलेलं माझं माप तुम्ही पुन्हा घेतलंत, वहीत लिहिलंत, नावसुद्धा विचारलंत. बाई बघत होत्या. शेवटी तुम्ही म्हणालात, "खिसा ठेवू का?" हा शब्द तुमच्या तोंडून मी आधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

चार दिवसांनी निळा कुर्ता माझ्या उशाशी घडी करून ठेवलेला होता, खिशासकट. तुम्ही आईला काही सांगितलं नाहीत, मलाही बोलला नाहीत. रोजच्यासारखं "ऊटा झाली का गं?" एवढंच. मी पुन्हा कुणाला सुधारलं नाही. लाज वाटत होती अप्पा, खूप लाज वाटत होती. त्यानंतर तुम्ही कितीतरी वर्षं होतात, कुठल्याही दिवशी माफी मागता आली असती. तुम्हीच विषय काढाल म्हणून मी थांबले आणि तुम्ही काढला नाहीत.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि घरात कुणाच्या हाती लागायला नको म्हणून ते कोशातच ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं. काल इथे म्हैसुरातच, बोगादीच्या वाचनालयात मी याच शब्दावर बोलले. लोकांना आवडलं. मग एका मुलीने विचारलं, "हा शब्द तुम्हाला पहिल्यांदा कुठे भेटला, मॅडम?" माझे वडील शिंपी होते, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "कोश चाळताना."