उजव्या हाताची दांडी

२ फेब्रुवारी, सोमवार

बाथरूमचा उंबरा फोडला. मीच! छिन्नी माझी, हातोडा शेजारच्या सुताराचा आणि आरडाओरडा ह्यांचा — "अगं, भिंत येईल खाली!" उंबरा फोडल्याने भिंत खाली येत नाही, हे ह्यांना समजावण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, आई ह्याला अडखळून पडली तर उचलायला तुम्हीच. मग तुकडे बादलीत भरू लागले.

झटका आल्यापासून आई हॉस्पिटलात आहे. उजवी बाजू गेली. आता काठी धरून थोडी थोडी चालते. डॉक्टर म्हणतात, महिनाअखेरीस घरी न्या. पण कुणाच्या घरी? दादाने शुश्रूषा केंद्रात खोली बघून ठेवली आहे. चोवीस तास नर्स, खिडकीतून बाग, सगळं सगळं. मी म्हटलं, आई केंद्राबिंद्रात जाणार नाही, माझ्याकडे येईल. खालची अडगळीची खोली तिला, लागूनच बाथरूम. दादा हसला. "त्या खोलीत सायकल धड उभी राहत नाही, आई कुठून राहणार?"

शेवटी ठरलं — पंधरा तारखेला तो येऊन बघणार. पटलं तर आई इकडे, नाही पटलं तर तिकडे. पटणार नाही म्हणजे काय! पटवूनच सोडेन.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हात सुजले. चहाचा कप धरवत नाही. कुणाला सांगितलेलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अडगळ हलवली. जुना पंखा, फुटका आरसा, ह्यांची व्यायामाची सायकल (एकदाच चालवलेली), झाकण नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणं. ह्यांना प्रत्येक वस्तू "कधीतरी लागेल". मी म्हटलं, आईला आत्ता लागतेय ती म्हणजे जागा. भंगारवाला टेम्पो घेऊन आला, तोवर हे सायकलवर जाऊन बसले होते. पायडल मारत! शेवटी सायकल गच्चीवर गेली. जाऊ दे, एवढी तडजोड चालते.

संध्याकाळी हॉस्पिटलात. आईला सगळं सांगितलं — उंबरा फोडला, खोली रिकामी केली, तुझ्या पलंगाला खिडकीची बाजू. ती म्हणाली, "बरं."

आता ह्या 'बरं'चं काय करायचं! झटक्यानंतर तिच्याकडे एवढा एकच शब्द उरलाय. नर्स विचारते, सुई टोचू? बरं. आणखी भात? बरं. पोट भरलं ना? तरी बरं. दादा मला छातीठोक सांगतो, "आईला विचारलंय मी, केंद्रात जायला ती बरं म्हणाली." मलाही बरंच म्हणाली की! आज ह्यांनी तिला विचारलं, "सासूबाई, चंद्रावर येता का?" तर बरं म्हणाली आणि अर्ध्या तोंडाने हसली. म्हणजे कळतं तिला सगळं. बाहेर येत नाही, एवढंच. मला तेव्हा हसू आलं आणि रिक्षात रडू आलं.

८ फेब्रुवारी, रविवार

आजपर्यंतची माझी सगळ्यात सुंदर फसगत.

बाथरूमच्या जुन्या गुळगुळीत फरश्या काढल्या होत्या, त्या जागी खरखरीत बसवायच्या. गवंडी मिळेना. जो तो म्हणे, एवढ्याशा कामाला कोण येणार. मग मीच माल कालवला. सिमेंट, वाळू, पाणी — पोळ्यांची कणीक मळणाऱ्या बाईला ह्यात काय अवघड? पाणसळ घेतली, एकेक फरशी ठोकून बसवली. पाणसळीतला बुडबुडा दर वेळी बरोब्बर मधोमध! ह्यांना बोलावून दाखवलं. "ह्या घरात इतकं सरळ दुसरं काहीच नाही," हे म्हणाले. मी खूश.

मग बादलीभर पाणी ओतलं. पाणी जागच्या जागी थबकलं, जरा विचार केला आणि खोलीत आलं. उंबरा मीच फोडलेला, अडवणार कोण? पलंगाखाली तळं!

बाथरूमची जमीन सरळ ठेवायचीच नसते. ती जाळीकडे उतरती हवी. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कोणालाही ठाऊक असतं. पण हातात पाणसळ आली आणि अक्कल गहाण पडली. माल ओला होता तोवरच सगळ्या फरश्या उचलल्या. भिंतीपासून जाळीपर्यंत दोरी ताणून बांधली, दोरीप्रमाणे पुन्हा बसवल्या. पाणसळ कपाटात नेऊन ठेवली.

९ फेब्रुवारी, सोमवार

पाणी ओतलं. धावत जाळीत गेलं. मीही बाहेर जाऊन चार जणींना सांगून आले.

११ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात गेले. बाथरूमला आधाराची दांडी हवी, म्हटलं. दुकानदार म्हणाला, "टॉवेलची का, मॅडम?" टॉवेलची नव्हे, माणसाची. त्याने एक चकचकीत नाजूक काढली. मी तिला लोंबकळून दाखवायला निघाले, तेव्हा घाबरून आतून जाड स्टीलची घेऊन आला. "बसवायला साहेबांना पाठवा." साहेब बाहेर उभे राहून पेरू खात होते.

परत येताना आईच्या घरावरून आले. इकडच्या पलंगासाठी तिची उशी घ्यायची होती. तीच लागते तिला, दुसऱ्या कशावर मान टेकत नाही. तिचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, पण ती हॉस्पिटलात गेल्यापासून बंद. कुलूप उघडायला जड जातंय. दादा भाड्याने द्यायचं म्हणतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दांडी बसवली. आणि ह्या वेळी डोकं वापरून!

मी डावरी. लहानपणापासून दादा मला 'डावरे' अशीच हाक मारतो. घरातलं सगळं ठोकाठोकीचं काम माझ्या हातचं, त्यामुळे आमचं घरही डावरं झालंय. कड्या उलट्या, खुंट्या उलट्या, पाहुणा दिव्याचं बटण शोधत भिंत चाचपत बसतो. ह्यांचं पालुपद ठरलेलं — "आम्ही ह्या घरात भाडेकरू आहोत."

म्हणून आज ठरवलंच. आईचं काम आहे, आपली सवय आड येऊ द्यायची नाही. जगासारखं करायचं. कमोडवर बसले, मुद्दाम उजवा हात पुढे केला, तो जिथे सहज टेकला तिथे उजव्या भिंतीवर पेन्सिलीची खूण. तिथे चार भोकं, चार बोल्ट. ड्रिलने खांदा हादरून गेला, पण भोकं सुईसारखी सरळ. दांडीला सगळा भार देऊन लोंबकळले. हूं की चूं नाही! ह्यांनाही लोंबकळायला लावलं. ह्यांचं वजन पेलते म्हणजे काहीही पेलेल.

ये म्हणावं दादाला आता.

१५ फेब्रुवारी, रविवार

लाज. नुसती लाज.

दादा आला. खोली बघितली, खिडकी बघितली. बाथरूमच्या दारात पाय घासून उंबरा खरंच नाही ना हे बघितलं. फरशीवर पाणी ओतायला लावलं. पाणी गेलं. दांडी हलवून बघितली, मग दोन्ही हातांनी ओढली. मला म्हणाला, "डावरे, काम झकास केलंयस गं." मी फुगले. चहाला चल म्हणाले. तो तसाच दांडीकडे बघत उभा.

"पण आईचा चालतो कुठला हात?"

डावा! आईचा डावा हात चालतो! उजवा मांडीवर पडून असतो, तो मीच रोज उचलून उशीवर ठेवते! जन्मभर सगळं डाव्या हाताला केलं, आणि जिथे डाव्याच हाताला हवं होतं तिथे शहाणपणा करून उजव्या हाताला केलं. हे हसता हसता खाली बसले. दादाही हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. "एवढी साधी गोष्ट तुझ्या लक्षात राहिली नाही. उद्या गोळ्यांचं असं झालं तर?"

एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. मला राग यायला हवा होता, पण तो बरोबर बोलत होता, आणि त्याला आईची माझ्याइतकीच काळजी आहे हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पुढच्या रविवारपर्यंत मुदत मागून घेतली. "बघू," म्हणाला आणि चहा न घेता गेला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

रडून झालं. कामाला लागले.

डाव्या भिंतीवर बेसिन आहे. म्हणजे आधी बेसिन हलवायचं. बेसिन हललं, छान हललं. मग भिंतीत भोक पाडायला घेतलं. पहिलं झालं. दुसरं — पाण्याचा फवारा थेट तोंडावर! बेसिनला पाणी कुठून येत होतं, आकाशातून? भिंतीतल्या पाइपातूनच ना! मी अंगठा भोकावर दाबून उभी, "कॉक बंद करा, कॉक!" म्हणून ओरडतेय, आणि हे गॅसचा कॉक बंद करून आले.

पाण्याचा बंद होईपर्यंत मी, छत आणि आईची उशी, सगळं चिंब. उशी तिथे कशाला नेली होती देव जाणे. धडा — भिंतीला हात लावण्याआधी भिंतीत काय आहे ते विचारावं. दुसरा धडा — पाण्याचा कॉक कुठला, हे घरातल्या प्रत्येकाला आधी दाखवून ठेवावं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

प्लंबर आला. भोक बघून म्हणाला, "कुठल्या येड्याने केलं हे?" मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत होते. "आधीचा एक मिस्त्री होता," मी म्हणाले. प्लंबरने मग त्या मिस्त्रीला पोटभर नावं ठेवली, आणि मीही त्यात भर घातली.

पाइप भिंतीबाहेरून फिरवून दिला. दिसायला बरा नाही, पण कुठे आहे ते दिसतं तरी.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दांडी बसली. डाव्या भिंतीवर! आधी उजवा हात कमरेला ओढणीने बांधून घेतला, उजव्या पायावर भार न देता कमोडवरून उठून बघितलं. पहिल्यांदा उठताच येईना. माझी खूण फार वर होती. वीतभर खाली घेतली, मग जमलं. बांधलेल्या हाताने पलंगापर्यंत गेले, दार उघडलं, दिवा लावला, नळ सोडला. नळ उलटा फिरतो, तो बदलायला हवा. हे म्हणाले, "जेवायलाही तशीच बस." बसले. डाव्या हाताने जेवण्यात मला काय नवीन! पण भाकरी मोडायला दुसरा हात लागतो. कधी लक्षातच आलं नव्हतं. आईला तिकडे कोण मोडून देतं, विचारायला हवं.

उजव्या भिंतीवरची दांडी काढली नाही. असू दे. टॉवेलला होईल.

२२ फेब्रुवारी, रविवार

दादा आला. दादाला ओढणी दिली आणि म्हटलं, बांध हात. त्याने बांधला. बसला, दांडी धरली, उठला. पुन्हा बसला, पुन्हा उठला. दार, दिवा, नळ, सगळं केलं. मग पलंगावर बसून राहिला, हात बांधलेलाच. म्हणाला, "असं असतं होय तिला."

चहा घेतला. दोन कप. केंद्राला नको म्हणून कळवतो म्हणाला.

जिंकले! पण जिंकल्यासारखं त्याच्यासमोर दाखवलं नाही. तो गेल्यावर स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आई आली! दारात थांबून सगळीकडे बघितलं. म्हटलं, हे बघ तुझं राज्य. "बरं," म्हणाली. उशी तोवर वाळली होती.

१ मार्च, रविवार

आज आई दांडी धरून आपली आपण उठली. आम्ही कुणी हात लावला नाही. दादा बघायला आला होता, त्याच्यासमोर! मला तर आभाळ ठेंगणं. फुशारकीत विचारलं, "काय आई, आता इथेच राहायचं ना?"

"नको."

झटक्यानंतरचा पहिला नवा शब्द! दादाने लगेच विचारलं, "मग केंद्रात जातेस?"

"नको." आणखी स्पष्ट.

राग आला, रडू आलं, आनंदाने ओरडावंसंही वाटलं. सगळं एकदम. म्हटलं, "मग तुझ्या घरी?" ह्यावर ती बरं म्हणाली नाही. डाव्या पायाने चप्पल पुढे ओढली.

"हे आपण तिला विचारलंच नव्हतं गं," दादा म्हणाला आणि किल्ली आणायला गेला. हे विचारतायत, मग मी जेवू कुठे? तिकडेच या, म्हटलं. छिन्नी, हातोडा, ड्रिल पिशवीत भरलंय. तिच्या बाथरूमला दोन उंबरे आहेत.