मुकादम स्वयंपाकघरात

महदिया, ३ मार्च

ती. झकियावन्सं यांस सालिहाचा सलाम वि. वि.

फोनच केला असता, पण हे कान टवकारून ऐकतात. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात आणि जीभ लुळी पडली, कान मात्र पूर्वीपेक्षा तिखट झालेत.

यांना इस्पितळातून लवकर घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, जिवाचा धोका टळलाय, आता पुढचं घरीच शिकायचं, आमची माणसं तिथे येतील. आपल्याकडे ही पद्धत नवीच. रीम नावाची फिजिओथेरपिस्ट येते. मला वाटलं, पलंगावर हातपाय हलवून जाईल. तर तिने विचारलं, घरात यांचा हात कशाकशाला लागायचा? मी खरं ते सांगितलं, कशालाच नाही. मग आजपासून लागेल म्हणाली आणि यांना चक्क ओट्यापाशी उभं केलं!

बर्फाच्या कारखान्यात जन्मभर हुकूम सोडणारा मुकादम काल माझ्या हाताखाली वाटाणे सोलत होता. आज ब्रिक तळायचे म्हणून पारीवर अंडं फोडायचं होतं, ते थेट मांजरापुढे पडलं. मांजर आता हलायचं नाव घेत नाही. मला मात्र हाताची घडी घालून बसायची शिक्षा. मदत केलीत तर तुम्हालाच पलंगावर झोपवीन, असा रीमचा दम आहे. हसून सांगतेय, वन्सं, पण यांच्या हातातून सदऱ्याचं बटण निसटत राहतं तेव्हा माझे डोळे भरतात.

आशीर्वाद पाठवा, लोभ मी वसूल करीनच.
सालिहा

कैरुआन, ८ मार्च

चि. सौ. सालिहास अ. आ.

पत्र वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. इस्पितळाने आजारी माणसाला बाहेर काढलं आणि तू त्याला वाटाणे सोलायला बसवलंस! आमच्या आईने मोंजीला कधी पाण्याचा पेला विसळू दिला नाही. त्याचीच ही फळं असं तू म्हणशील, ठाऊक आहे मला.

रविवारी गाडी घेऊन येते. खिडकीपाशी पलंग लावलाय. माझ्याकडे त्याला बोटसुद्धा हलवावं लागणार नाही. त्या रीमला एवढीच हौस असेल तर माझ्या घरचे कांदे चिरायला ये म्हणावं. राग मानू नकोस गं. दोन भाऊ पोचवले मी. हा एक उरलाय.

माया आहे तशीच आहे, आज जरा तिखट लागेल इतकंच.
झकिया

महदिया, १५ मार्च

ती. वन्सं यांस स. सलाम.

न जेवता गेलात. पातेलंभर कुसकुस शेजारी वाटला, त्यांनी तुम्हाला दुवा दिली!

तुम्ही चमच्याने भरवत होतात आणि हे लाडोबासारखे आ करत होते, तेव्हा मला वाटलं, हे तुमच्याबरोबर जाणार. थोडा हेवाही वाटला, लपवत नाही. मग जिन्यापाशी तुम्ही यांच्या काखेत हात घातलात आणि यांनी तो झटकून म्हटलं, सोड. आजारानंतरचा पहिला स्वच्छ शब्द, आणि तो नेमका तुमच्या वाट्याला यावा! तुमचा चेहरा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही भरभर उतरलात. हे कठडा धरून नुसतं तोंड हलवत राहिले.

पुढचं त्यांचं ते सांगतील. रीमला शेजारी बसवून सोबतचा कागद खरडलाय. मी लिहून देते म्हटलं तर पेन उशीखाली लपवलं.

रुसवा संपला की लोभ कळवावा.
सालिहा

ताई,

सोड एवढंच निघालं. वाक्य मोठं होतं. सोड, बघ, मी उतरतो.

बाकीचं तोंडात येईपर्यंत तू गेलीस. मग उतरलो. रस्त्यावर पोचलो. गाडी नव्हती.

शुक्रवारी बसने ये. थांब्यावर घ्यायला येतो. सालिहा म्हणते, पोचायला मला संध्याकाळ होईल.

संध्याकाळची बस धर.

मोंजी