रहाटाची जागा

३ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी एकट्याने होडी काढली. दादाला सांगितलं नाही, घरात हिलाही नाही. आठ महिने धक्क्याला बांधून पडली होती. सुकाणूला हात लावून नमस्कार केला, शीड अर्धंच उभारलं आणि समोरच्या बेटाच्या आडोशाला जाऊन नांगर टाकला. टाकणं सोपं. काढताना देव आठवला.

वीस हात साखळी. सहा हात आली आणि कंबरेत कळ. जरा थांबलो की आलेली साखळी सरसर परत पाण्यात. शेवटी नांगर तळातून सुटला, पण वर येईना. होडी खडकाकडे सरकू लागली आणि सुकाणूवर कोणी नाही — मी पुढच्या टोकाला, नाळेवर ओणवा. साखळी खुंटाला अडकवली, धावत सुकाणूकडे, पुन्हा धावत नाळेवर. असं पाऊण तास. एकदा तर खडकावरचे शिंपले मोजता आले असते.

परत आल्यावर बराच वेळ धक्क्यावर बसून राहिलो. एक गोष्ट कळली — हातांनी नांगर ओढणं मला जमणार नाही. आणि ते ज्याला जमायचं, तो आता घरात बसून असतो.

४ नोव्हेंबर

दादा साखळी ओढताना बेचा पाढा म्हणायचा. एका ओढीला दोन हात साखळी. बे एके बे, बे दुणे चार. शाळेत त्याला पाढे आले नाहीत म्हणून गुरुजींनी वर्गाबाहेर उभं केलं, तेव्हा वडिलांनी त्याला थेट होडीवरच घेतलं. "वर्गात येत नाही ना, इथे येईल." आला. दादा बारा वर्षांचा, मी सात. मी खाली कोठीत बसून वरून पडणारी साखळी नीट लावायचो. ओली, गार, चिखलाच्या वासाची. वरून दादाचा आवाज. "बे नवे अठरा" झालं की वडील सुकाणू सावरून बसायचे, आणि "बे दाहे वीस" म्हटलं की नांगर पाण्याबाहेर. वडिलांना नाळेकडे पाहावंही लागत नसे. पुढे वडील गेले, सुकाणू माझ्याकडे आलं. पस्तीस वर्षं मीही तिकडे पाहिलं नाही. बेटांवर कौलं नेली, पोती नेली, एकदा अख्खी शाळेची बाकं नेली.

मार्चमध्ये दादाची डावी बाजू गेली. शब्दही तुटक झाले. डॉक्टर म्हणतात, बोलतं ठेवा. तो बोलत नाही.

६ नोव्हेंबर

हॉटेलवाला पुन्हा आला होता. होडी त्याला हिरवळीवर उभी करायची आहे. "डोलकाठीला दिवे लावू. आत चार टेबलं सहज बसतील."

मी विचारलं, "आणि पाणी?"

म्हणाला, "पाण्याचा काय संबंध?"

दादाला विचारलं तर हात झटकून म्हणतो, "दे. टाक." होडी दोघांच्या नावावर आहे. वीस तारखेपर्यंत सांगतो म्हटलं.

७ नोव्हेंबर

जुन्या नौका मोडणाऱ्याकडून नांगर ओढायचं यंत्र आणलं. तो त्याला विंडलास म्हणतो. मी रहाटच म्हणणार — विहिरीवरून पाणी काढायचा तसाच, फक्त आडवा आणि लोखंडी. चाकाच्या खाचांत साखळीची एकेक कडी बसते. एक दांडा असतो, तो नुसता पुढे-मागे करायचा, एका हाताने. हात थांबला तरी साखळी मागे जात नाही. कोणी शोधून काढला असेल, त्याला देवाने सुखी ठेवावं.

पोत्याखाली झाकून ठेवलाय. दादाला इतक्यात कळायला नको.

९ नोव्हेंबर, सोमवार

होडीचं सगळं सुतारकाम करणारे मिस्त्री आले. रहाट उचलून पाहिला, खाली ठेवला, विडी पेटवली. मला वाटलं होतं, चार बोल्ट मारले की झालं.

"झालं कसं? कुठे मारायचे ते ठरवा आधी."

"नाळेवरच की. नांगर तिथेच असतो."

"नाळेवर ठेवलंत तर साखळी सरळ येईल, खालच्या जुन्या कोठीत आपसूक पडेल. मला काम कमी. वाकून बघितलं की नांगरही दिसतो. पण होडीच्या नाकावर वजन. लाटेत नाक खुपसत चालेल. आणि तुम्ही तिथे गुडघ्यांवर. या कंबरेने?"

"मग?"

"मागे घ्या, डोलकाठीपाशी. वजन मध्ये आलं, होडी खूश. पण साखळी डेकवरून घासत येणार, तिला लाकडाची पन्हळ करावी लागेल, खाली नवी कोठी. आणि तिथून नांगर दिसत नाही. किती आला, किती राहिला, ते मोजत बसायचं." मग धूर सोडून म्हणाले, "मला एवढंच सांगा, ओढणारा कोण? तुम्ही एकटेच होडी चालवणार, की सुकाणूवर एक आणि रहाटावर एक? माणूस सांगा, जागा मी सांगतो."

मी पोतं उचलून पुन्हा रहाटावर टाकलं.

जाताना खडूचा तुकडा हातात ठेवला. "भोक पाडलं की पाडलं. आधी खडूने आखा, त्यावर खोकं ठेवा, काठीचा दांडा करा आणि आठ दिवस तिथे जाऊन बसा. खडू पुसता येतो."

११ नोव्हेंबर

नाळेवर, वडिलांनी बसवलेल्या खुंटाशेजारी खूण केली. खोक्याला काठी लावून गुडघ्यांवर बसून पुढे-मागे केलं. धक्क्यावरच्या जाळी विणणाऱ्या बाईने विचारलं, "कोणाला झोका देताय?"

१२ नोव्हेंबर

गुडघे सुजलेत. पण जागा तीच. आम्ही नांगर नेहमी तिथूनच काढला. मन दुसरीकडे जात नाही.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

दादाकडे गेलो. तो ओसरीवर त्याच्या नेहमीच्या जागी — खांबाला पट्ट्याने बांधलेली निळी उशी, तिला पाठ टेकून, रबरी टोकाची काठी शेजारी. टेकू नसला की डावीकडे कलतो. उजव्या हाताने दोरीला गाठी मारतो, सोडवतो, पुन्हा मारतो. तो हात अजून पूर्वीसारखाच आहे, जाड, काळा, नखांपर्यंत ताकद.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "भाऊजी, मिस्त्री सांगत होते, रहाट आणलाय म्हणे."

माझा चेहरा पडला. दादाने दोरी थांबवली. माझ्याकडे पाहिलं.

"कुठे?"

"नाळेवर बसवीन म्हणतोय."

बराच वेळ तोंड हललं, शब्द येईना. मग आला. "मूर्ख." दोरी फेकून दिली आणि भिंतीकडे तोंड केलं. वहिनी म्हणाल्या, "असं काय करताय? धाकट्यासाठी एक शब्द तरी बरा बोला." तो वळला नाही.

१४ नोव्हेंबर

बरोबरच आहे त्याचं. जन्मभर त्याच्या हातांनी केलेलं काम मी त्याच्या डोळ्यांदेखत लोखंडाला देऊन टाकलं. त्याला न विचारता.

१५ नोव्हेंबर

ही म्हणाली, "भावजींना रागवायचंच असतं तर रहाट कशाला आणलास म्हणाले असते. कुठे, असं का विचारलं?"

म्हटलं, "तू तिथे नव्हतीस. त्यांचे डोळे पाहिले नाहीस."

"तुम्ही तरी कुठे पाहता? भिंतीकडे तोंड केलं की उठून येता."

१७ नोव्हेंबर

पहाटे प्रार्थनेला बसलो, पण काय मागावं तेच सुचेना. दादा बरा होऊ दे म्हणावं, तर डॉक्टर म्हणतात आहे हे असंच राहील. मला एकट्याला होडी चालवायचं बळ दे म्हणावं, तर ते मला नकोच आहे. हेच आज पहिल्यांदा कळलं. मला होडी नको आहे, नाळेकडे न पाहता ऐकू येणारा पाढा हवा आहे. असलं मागणं देवाने कोणाच्या खात्यात घालावं!

लहानपणी एकदा मी साखळी लावताना कोठीतच झोपलो होतो. दादा पाढा म्हणता म्हणता मध्येच थांबला, म्हणून जागा झालो. त्याने वरून डोकं घालून पाहिलं, मी आहे ना. मग पुढे, "बे सक बारा."

१९ नोव्हेंबर

ठरलं. उद्या हॉटेलवाल्याला हो म्हणायचं. एकट्याची होडी ही होडीच नव्हे, आणि दादाला तर ती डोळ्यांसमोरही नको आहे. दिवे लागलेली का होईना, कुठेतरी उभी राहील. सकाळी लवकर जाऊन खोकं उचलतो, खडू पुसतो. मिस्त्रींना निरोप धाडलाय, येऊ नका.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

खडू पुसायला गेलो, तर माझी नाळेवरची खूण आधीच पुसलेली. खोकं डोलकाठीपासून हातभर पुढे, उजव्या अंगाला सरकवलेलं. त्याच्याभोवती खडूची नवी रेघ, वाकडीतिकडी, एका हाताने काढलेली. डेकवर काठीच्या रबरी टोकाचे गोल ठसे. आणि डोलकाठीला ओसरीवरची निळी उशी, पट्ट्याने घट्ट बांधलेली.

तिला पाठ टेकून बसलो. दांडा बरोबर उजव्या हातात आला. डाव्या हाताला काही कामच नव्हतं.

मिस्त्री धक्क्यावर उभेच होते. "माझ्याकडे काय बघताय? काल संध्याकाळी वहिनींनी बोलावलं, फळी धरायला. थोरले साहेब स्वतः चढले. नाकावर वजन म्हणून तुम्हाला शिव्या घालत होते. चांगल्या अख्ख्या शिव्या, एकही तुटली नाही."

हॉटेलवाल्याला नाही म्हणून कळवलं. मिस्त्रींनी विचारलं, रेघ सरळ करून घेऊ का? नको म्हटलं. दुपारपर्यंत चारही भोकं पाडली. त्याच रेघेवर.