भरताची वांगी

जळगाव, रविवार संध्याकाळ

पारोळ्याकडच्या सुमनबाईला नवऱ्याने टाकलंय. तिची केस आपलं ऑफिस फुकट लढवील, हे आमच्या वकील सरांनीच काल कायदा शिबिरात माईकवरून सांगितलं. म्हणून तर ती माझ्याशी मोकळेपणी बोलली, साक्षीदारांची नावंसुद्धा सांगितली. "बठ्ठं तुमलेच सांगेल शे, ताई." सगळं फक्त मलाच सांगितलंय म्हणाली, आणि जाताना भरताची वांगी दिली. ती मी सरांच्या घरी पोचवली.

आज सरांनी घरी बोलावलं. म्हणाले, "तिचं वकीलपत्र अजून घेतलं नाहीस ना? मग राहू दे. नवरा आपल्याकडे आलाय. ती काय काय बोलली, तेवढं सांग."

मग शिबिर कशासाठी घेतलं? मी पर्स खांद्याला लावली. बठ्ठं तुमलेच सांगेल शे.

उठले तर सर म्हणाले, "जेवूनच जा, काकूंनी भरीत केलंय."

तिच्याच वांग्यांचं.