एवढी पिशवी धरा

आई, काल पुन्हा एकीला पिशवी धरायला लावली. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नवी राहायला आलेली मुलगी, नोकरीवाली, घर मराठी पण मराठी वाचताना अडखळणारी. फाटकाशी माझा लोखंडी पट्ट्यांचा बूट बघून थबकली आणि म्हणाली, "अरेरे आंटी, पायाला काय झालं?" माझ्या तोंडून तुझंच वाक्य बाहेर पडलं, "बरं झालं भेटलीस. एवढी पिशवी धर." तिनं धरली. माझ्या दारापर्यंत पोचेस्तोवर ती माझा पाय विसरून तिच्या साहेबाच्या तक्रारी सांगायला लागली होती. तुझ्या वेळी व्हायचं अगदी तसंच. म्हणून आज लिहायला बसलेय. मी आता तुझ्याहून म्हातारी झालेय, तेव्हा निमूट ऐकून घे.

आपला हैदराबादच्या बेगम बाजारचा दिवस आठवतो ना? उन्हाळ्याच्या तोंडावर वर्षाची मिरची-हळद आणायला आपण जायचो. शेजारच्या काकू दर वर्षी तुला बजावायच्या, "पोरीला काहून नेता? लोक बघतेत." तू म्हणायचीस, "बघू द्या की. आपणबी त्यांना बघू." आणि मला मुद्दाम पोपटी झगा घालायचीस, बघणाऱ्याला उगाच शोधाशोध नको म्हणून. बाजारात मिरचीच्या खाटानं सगळा रस्ता शिंकत असतो, आणि त्या शिंकांमधूनही लोकांना माझा पाय बरोबर दिसतो. कुणी तेलुगू बाई "अय्यो, पापम!" म्हणत गालाला हात लावते. कुणी विचारतं, "वारं गेलं का हो पायावरून?" मी तुझ्या पदरात तोंड खुपसते. तू मात्र समोरच्याचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतेस, मान डोलावतेस, आणि म्हणतेस, "बरं झालं भेटलात. एवढी पिशवी धरा." हळहळायला माणसाला दोन्ही हात मोकळे लागतात, हे तू कुठं शिकलीस कोण जाणे! हातात मिरचीची पिशवी आली की गालाला हात लावता येत नाही, कपाळावर मारून घेता येत नाही. बिचारी माणसं रिक्षापर्यंत आपल्याबरोबर चालायची, आणि तेवढ्यात तू त्यांच्या सुनेची, गुडघ्याची, घरभाड्याची सगळी माहिती काढून घ्यायचीस.

एकदा घरी तू पुऱ्या तळत होतीस आणि मी विचारलं होतं, "आपण घरीच का नाही थांबत?" तू झारा माझ्याकडं रोखून रागावलीस, "घरात बसलीस तर लोक जन्मभर विचारतील. एक माणूस एकदाच विचारतो गं. ते एकदाचं उरकून टाकलं की गल्ली आपली." मग पहिली फुगलेली पुरी माझ्या ताटात टाकलीस. अशी तू एकेक गल्ली उरकत चालली होतीस.

आणि तेवढ्यात हैदराबाद राज्याचेच तुकडे व्हायची वेळ आली. अण्णांच्या कचेरीत दुसरं बोलणंच नव्हतं. कुणी औरंगाबादला जाणार, कुणी गुलबर्ग्याकडं, आणि अण्णांनाही औरंगाबादला जायचं की इथंच राहायचं ते कळवायचं होतं. तुझं माहेर तिकडं, तिन्ही बहिणी तिकडं. तू तर मनानं कधीच पोचली होतीस. कुठली भांडी न्यायची, कुठली वाटून टाकायची, रोज तेच. मला मात्र धडकी भरली होती. नवं गाव म्हणजे सगळं गाव पहिल्यापासून विचारणार. पण तुझा हसरा चेहरा बघून माझी बोलायची छाती होईना.

त्या वर्षी तू दुप्पट मिरची घेतलीस, तिकडची कशी निघते म्हणून. तू भाव करत होतीस आणि मी पोत्याजवळ उभी. एक शेरवानीतले गृहस्थ थांबले, माझ्याकडं बघून "च्च च्च, इत्ती छोटी बच्ची" म्हणाले. तू वळायच्या आधीच, काय अंगात आलं देव जाणे, मी मिरचीची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "चच्चा, ये पकडो. रिक्षा उधर है." मग निघाले की मुकाट्यानं, शिंकत शिंकत! वाटेत मी त्यांना माझं नाव, वर्ग, अण्णांची कचेरी सगळं सांगितलं, त्यांच्या नातीचं विचारून घेतलं. पदर सोडून पुढं चालले होते मी. मागं वळून पाहिलं तर तू भाव करायचं सोडून माझ्याकडंच बघत होतीस.

दुसऱ्या दिवशी अण्णा पांढरेफटक पडून घरी आले. ते गृहस्थ त्यांचे बडे साहेब निघाले! साहेबांनी बोलावून घेतलं होतं आणि म्हणाले होते, "तुमारी बच्ची हमसे मिर्च उठवाई, मियाँ. रातभर छींका मैं. तुम लोगां चले गए तो अब किसकी मिर्च उठाना?" अण्णांना हसावं की रडावं कळत नव्हतं. तू तांदूळ निवडत होतीस. खडा बाजूला टाकत म्हणालीस, "आपण नाही जायचं."

अण्णा म्हणाले, "आणि तुझ्या बहिणी?"

"त्या लिहितील पत्रं. इथल्या लोकांचं विचारून झालंय. तिकडं पुन्हा पहिल्यापासून कोण करत बसणार? मला कंटाळा आहे."

कंटाळा म्हणे! मला इतका आनंद झाला की मी घरभर खडखडत फिरले. घरमालकीणबाई खालून ओरडल्या, तर तू वरून म्हणालीस, "फिरू द्या हो, आज सण आहे." रात्री तुझे डोळे सुजलेले दिसले, ते मी मिरचीवर घातलं. तूही घालू दिलंस.

त्यानंतर आपलं घर कधी रिकामं राहिलं नाही. "अय्यो पापम" म्हणणारी ती बाई पुढं अंबाडीचं लोणचं घेऊन यायला लागली आणि माझ्या लग्नात मावशीच्या जागी उभी राहिली. साहेबांच्या घरून दर ईदेला शेवया यायच्या, आणि डब्यात वर एक लाल मिरची ठेवलेली असायची. तू ती बघून पोट धरून हसायचीस. मला फार उशिरा समजलं, की तुला पिशवी कधी जड नव्हतीच. बहिणी लांब राहिल्या होत्या, म्हणून तू बाजारातून माणसं घरी आणत होतीस. तुझ्यावर माझा फार जीव आहे, हे तुझ्या समोर कधी म्हटलं नाही. आपल्या घरात तशी पद्धत नव्हती.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा मसाल्याच्या फळीवर ठेवते. मुलं परदेशात, तुझा जावई वारल्यालाही काही वर्षं झाली. एक सांगायचं राहिलं. कालची पिशवी रिकामी होती, आई. धरल्या धरल्या तिला कळलंच असणार. तरी तिनं ती दोन्ही हातांनी धरून दारापर्यंत आणली, आणि चहा घेऊन गेली.