मोगऱ्याचा गोळा

५ नोव्हेंबर १९९३

हे कंपनीतून गोळा घेऊन आले. साबण नव्हे — गोळा! लिंबाएवढा, गुलाबी कागदात, वर पणतीचं चित्र. बादलीत टाकला की फसफसतो म्हणे, अन् पाण्याला मोगऱ्याचा वास. दिवाळीचा नवा माल. कामगारांना तीन-तीन दिलेत, घरी वापरून चिठ्ठीवर लिहून द्यायचं — वास कसा, फेस कसा. चिठ्ठी मीच लिहिणार. ह्यांचं नाक पंधरा वर्षांपासून मेलेलं! म्हणूनच तर वासाच्या खोलीत घेतलंय. बाकीच्यांची डोकी दुखतात, ह्यांना काय कळतंय!

सासूबाई म्हणाल्या, "पाण्यात सोडा? अंगाची भजी तळायचीत का?"

८ नोव्हेंबर

एक टाकून बघितला, भर दुपारी. आधी मोगरा. लई गोड. मग मोगरा गेला अन् आंबेहळद आली, नागरमोथा, कपूरकाचरी. सारजाबाईचं उटणं! तेच. ती कडुनिंबाची पानं जरा जास्तच घालायची, तो कडवटपणासुद्धा. कंपनीच्या गोळ्यात कुठून यायचा?

अन् मग घासलेट. मग जळकं.

सासूबाईंना म्हटलं, वास घ्या बरं. म्हणाल्या, "चांगला हाय की मोगरा." मी बादली ओतून दिली. चिठ्ठी कोरीच ठेवलीय.

९ नोव्हेंबर

सारजाबाईचं कधी लिहिलं नाय. आज लिहिते. गंगापूरकडं आमच्या उसात खुरपायला यायची. मी नवी नवरी, तिनं पदराआडून उटण्याची पुडी दिली. सासूबाईंना कळलं — पुडी उकिरड्यावर, अन् मला डोक्यावरून परत आंघोळ! "त्यांच्या हातचं अंगाला लावतीस?" तरी मी दरसाल घेत राहिले, चोरून.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात विद्यापीठाच्या नावावरून पेटलं. आमच्या गावातही त्यांची घरं जाळली. सारजाबाईचंसुद्धा. ती पुण्याला भावाकडं गेली होती, अख्खं गाव म्हणतं. परत आली नाय. कशाला येईल? मी दर दिवाळीला म्हणते, असेल तिथं सुखात असेल.

११ नोव्हेंबर

ह्यांच्या उजव्या तळव्यावर जुना भाजल्याचा वण आहे. गुऱ्हाळावर गुळाची काईल लागली म्हणतात. वण त्याच श्रावणातला. श्रावणात कसलं आलंय गुऱ्हाळ! नाकही त्याच आठवड्यात गेलं. पंधरा वर्षं मी विचारलं नाय. ह्यांनीही मला काही विचारलं नाय.

नरकचतुर्दशी, सकाळ



ह्यांना तेल-उटणं लावलं. हे दुसरा गोळा घेऊन न्हाणीत गेले, आतून कडी लावली. मी बाहेर ओवाळायचं ताट घेऊन उभी. फसफस ऐकू आली. मग ह्यांचा आवाज — "घासलेट कुणी सांडलं गं?"

ज्या माणसाला पंधरा वर्षांत करपलेली भाकर कळली नाय! मी काय हुंगलं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

अन् दार धडाधडा वाजायला लागलं. आतून. "कडी काढा! आत बाई हाय! कडी काढा रे!"

अहो, कडी तुमच्याच बाजूला आहे, मी ओरडत होते. शेवटी उघडली. ओलेते, पांढरेफटक. मूठ सोडवली तर तळवा लालबुंद, वणावर ताजा फोड! बादलीतलं पाणी कोमट होतं. मी बोट घालून बघितलं.

पाडवा

बोलले. सात-आठ जण होते. "बाहेरून कडी होती. ती पुण्याला गेलीय असं जो तो म्हणत होता. रिकामं घर म्हणून पेटवलं. मग आतून दार वाजाया लागलं. मी कडीला हात घातला... लाल झाली होती ती. सोडली."

लेकरासारखे रडले. मी साधं पाणी दिलं नाय. तुम्ही मारलंत तिला, म्हटलं.

२० नोव्हेंबर

बोलणं बंद. ताट वाढून सरकवते.

१४ जानेवारी १९९४

विद्यापीठाला नाव मिळालं. इथं आमच्या उस्मानपुऱ्यात निळे झेंडे, पेढे. शेजारच्या गीताबाईंनी माझ्याही हातावर पेढा ठेवला. खाल्ला नाय.

तिसरा गोळा उरला होता. न्हाणीत घेऊन बसले. ह्या वेळी धूर नाय, घासलेट नाय. नुसतं उटणं. अन् कानाशी सारजाबाई, त्या दिवशी म्हणाली तसंच — "बाई, जाता जाता बाहेरून कडी घाल. घर रिकामं दिसाया पाहिजे. कुणी इचारलं तर सांग, पुण्याला गेली भावाकडं."

कडी मी घातली. पुण्याचं मीच सांगितलं, आधी सासूबाईंना. दिवेलागणीला येऊन उघडते, असं मी तिला म्हणाले होते.

मला कुणी अडवलं नव्हतं. मी गेलेच नाय.